पाटणचे भास्कराचार्य

भास्कराचार्य हे फार मोठे गणिती होऊन गेले. त्यांचा जन्म शके 1036 म्हणजे इ. स. 1114 मध्ये झाला. वडिलांचे नाव महेश्वर. तेच त्यांचे गुरू, म्हणजे घरातच शाळा! आपले गाव सह्याद्रीजवळ आहे असे त्यांनी लिहून ठेवले. ते गाव म्हणजे चाळीसगाव तालुक्यातलं पाटण, असं आपल्याकडे पुष्कळ जण मानतात. काही विद्वान दुसरी गावं सांगतात. पण त्यांच्या घराण्याचा शिलालेख पाटणलाच सापडला, म्हणून मी वर पाटणचे असंच लिहिलं.

वयाच्या 36 व्या वर्षी, 1150 मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ लिहिला. त्याचे चार भाग आहेत. लीलावती हा भाग अंकगणिताचा. त्यात गणितांच्या आधी मापं दिली आहेत. हे मला फार आवडलं. माप ठरलंच नाही तर गणित कशाचं करणार? चोवीस अंगुलांचा एक हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा कोस आणि चार कोसांचं योजन.

मी माझा हात कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत माझ्या बोटांनी मोजला. चोवीस बोटं भरला. आबांचा हात त्यांच्या बोटांनी मोजला, तोही चोवीस. पण आबांचा हात माझ्या हातापेक्षा चांगला वीतभर लांब! मग दोरी विकताना दुकानदार माझ्या हाताने मोजेल आणि घेताना आबांच्या. भास्कराचार्यांनी याची सोय केली आहे. आठ जव पोटाला पोट लावून ठेवले की एक अंगुल. जव कोणाच्याही घरचा घ्या, थोडाच फरक पडतो. वजनालाही दोन जवांची एक गुंज आणि तीन गुंजांचा एक वाल. गुंजेचा वेल आमच्या बांधावर आहे.

गोलाध्याय या भागात त्यांनी लिहिलं की पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे. वरची जड वस्तू ती आपल्याकडे ओढते आणि आपल्याला वाटतं वस्तू पडली. मग पृथ्वी स्वतः का पडत नाही? तर तिच्या चहूकडे आकाश सारखंच आहे, ती पडेल कुठे?

काही लोक म्हणतात, न्यूटनचं सगळं भास्कराचार्यांनी आधीच शोधलं होतं. मला तसं वाटत नाही. ओढ आहे हे त्यांनी सांगितलं, पण ती ओढ मोजायचं माप दिलं नाही. बळ कसं मोजायचं याचा नियम इंग्लंडच्या न्यूटन यांनी 1687 च्या ग्रंथात दिला. म्हणून 1948 मध्ये बळाच्या मापाला न्यूटन हे नाव ठेवलं. त्याची व्याख्या गुरुजींनी मला दोनदा सांगितली, ती मोठ्या वर्गात येणार आहे. सोपं असं, की 100 ग्रॅमचा पेरू तळहातावर धरायला जवळजवळ 1 न्यूटन बळ लागतं. विहिरीतून 10 लीटर पाणी वर ओढायला सुमारे 100 न्यूटन, बादलीचं वेगळं. आई रोज अशा कितीतरी बादल्या ओढते! तेच पाणी चंद्रावर नेलं तर 10 किलोच राहील, पण उचलायला फक्त 16 न्यूटन पुरतील. किलो आणि न्यूटन यात हाच फरक आहे.

भास्कराचार्यांनी 69 व्या वर्षी करणकुतूहल हा आणखी एक ग्रंथ लिहिला. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव हेही यादव राजांच्या दरबारी पंडित होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवाने पाटणला मठ काढला. मठाला 1207 च्या सुमारास दान मिळालं. ते सगळं शिलालेखात कोरलं आहे. तो लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शोधून काढला.

लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. जेवढे तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे मठाला पळीभर तेल द्यायचं. पाटणला जे काही मापायचं ते मठाच्याच मापाने मापायचं, आणि मापणावळीतली अर्धी मठाला, अर्धी मापाऱ्याला.