डॉ. वसंत खानोलकर आणि गप्प बसणारी प्रतिकारशक्ती

तोंडाच्या कर्करोगाचा रिपोर्ट हातात आला की नांदेड-लातूरकडचे नातेवाईक दोन गोष्टी हमखास विचारतात. मुंबईला टाटाला न्यायचे का, आणि प्रतिकारशक्ती वाढवायला काही देता का. टाटा रुग्णालय तुम्हाला माहीत असते. तिथल्या प्रयोगशाळा ज्यांनी उभ्या केल्या ते डॉ. वसंत रामजी खानोलकर मात्र फारसे कुणाला आठवत नाहीत. तुमचा दुसरा प्रश्न समजून घ्यायला त्यांचे आयुष्य उपयोगी पडते.

त्यांचा जन्म १८९५ चा, क्वेट्टा इथला. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात एम.डी. होऊन ते मुंबईत शिकवू लागले. विकृतिशास्त्र म्हणजे बायोप्सीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोग ओळखण्याचे शास्त्र. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या.

१९४४ मध्ये त्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी सवयींतून होणारे तीन कर्करोग त्यांनी मांडले: धोतर रोज जिथे आवळले जाते त्या कमरेवरचा, पेटते टोक तोंडात ठेवून चिरूट ओढणाऱ्यांच्या टाळूचा, आणि खैनी ठेवणाऱ्यांच्या खालच्या ओठाचा. तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. आज धोतर मागे पडले, गुटखा आला. तंबाखू तीच आहे.

त्यांचा दुसरा विषय कुष्ठरोग. मराठवाड्याला हा आजार नवा नाही. त्याची सुरुवात नसांमध्ये कशी होते हे त्यांनी बारकाईने अभ्यासले. या रोगाची दोन टोके आहेत. एका टोकाला शरीर जोरात लढते, जंतू थोडेच सापडतात. दुसऱ्या टोकाला त्वचेत जंतूंचे थवे असतात, तरी शरीर हूं की चूं करत नाही. असा रुग्ण इतर बऱ्याच जंतूंशी नीट लढतो. म्हणजे त्याची प्रतिकारशक्ती सरसकट कमजोर नसते, ती या एकाच शत्रूपुढे गप्प बसते. १९५८ मध्ये खानोलकर, डॉ. कमल रणदिवे आणि बापट यांनी अशाच रुग्णापासून मिळवलेला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवला. पुढे त्यापासून कुष्ठरोगाच्या लसीचा प्रयत्न झाला.

खानोलकर १९७८ मध्ये गेले. गप्प बसण्यामागचे एक मोठे कारण त्यानंतर उलगडले. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये नियामक टी-पेशी दाखवून दिल्या; त्या कामासाठी त्यांना दोन अमेरिकी शास्त्रज्ञांसह २०२५ चे नोबेल मिळाले. गावात भांडण पेटू नये म्हणून मध्ये पडणारी वडीलधारी माणसे असतात, तशा या पेशी. त्या नसत्या तर प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यांवर आणि ग्रंथींवर तुटून पडली असती. कर्करोगाची गाठ रासायनिक इशारे देऊन याच पेशींना आपल्याभोवती बोलावते. मग त्या लढणाऱ्या टी-पेशींना लागणारे वाढीचे द्रव्य स्वतःच शोषून घेतात, त्यांना थंड करणारी द्रव्ये सोडतात, आणि शत्रूची ओळख पटवून देणाऱ्या पेशींनाही मंद करतात. स्लाइडवर गाठीभोवती टी-पेशींची गर्दी दिसते, पण गाठ वाढतच राहते. कुष्ठरोगाच्या त्या दुसऱ्या टोकालाही अशा पेशींचा हात असल्याचे नंतरच्या अभ्यासांत दिसले, जरी ते एकमेव कारण नाही.

म्हणून प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर किंवा काढा इथे कामाचा नाही. अडचण ताकदीची कमी आहे, लावलेल्या ब्रेकची जास्त. त्यावर पैसे घालवू नका. अंडी, डाळ, दूध पोटात जाईल एवढे पाहा.

ब्रेक सैल करणारी औषधे आता आहेत. निवोलुमॅब टी-पेशींवरचा एक वेगळा ब्रेक काढते. फक्त नियामक पेशींना हटवणारे औषध तोंडाच्या कर्करोगात अजून नेहमीच्या वापरात नाही. निवोलुमॅबचा पूर्ण डोस बहुतेक घरांना परवडत नाही. टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी २०२२ मध्ये, पूर्ण बरे करणे शक्य नसलेल्या डोके-मानेच्या कर्करोगात, तोंडाने घ्यायच्या औषधांसोबत दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिले. वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण शंभरात सुमारे १६ वरून ४३ वर गेले. आपल्या रुग्णाला हे लागू आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. ब्रेक सैल झाल्यावर शरीर स्वतःवरही उलटू शकते, त्यामुळे संधिवात, थायरॉइड किंवा सोरायसिस असेल तर आधीच सांगा. उपचारादरम्यान सतत जुलाब किंवा दम लागला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

आणि मुंबईची रात्रीची गाडी पकडताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक लॅबमधून मागून घ्या. तिथले विकृतिशास्त्रज्ञ तो तुकडा स्वतः पुन्हा पाहतात, आणि पुढच्या तपासण्याही त्याच ब्लॉकवर होतात.