दादाभाई नौरोजी आणि २० रुपयांचा हिशेब: सरकारी आकड्यात चूक कुठे होती?

जीडीपीची नवी मालिका आणण्याआधी केंद्राचे सांख्यिकी मंत्रालय आता चर्चापत्र काढते आणि सूचना मागवते. ब्रिटिश राजवटीत अशी सोय नव्हती. तरीही एक माणूस न मागता सूचना पाठवत राहिला, तीस वर्षांहून अधिक काळ.

४ सप्टेंबर १८२५ रोजी जन्मलेले दादाभाई मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकले, तिथेच गणिताचे प्राध्यापक झाले. १८५५ मध्ये व्यवसायासाठी इंग्लंडला गेले. १८९२ मध्ये ब्रिटिश संसदेत निवडून आले आणि तीनदा काँग्रेसचे अध्यक्ष झाले, हे शाळेच्या पुस्तकात असते. त्यांची आकडेमोड मात्र मागे पडते.

भारतीय माणूस वर्षाला किती कमावतो? सरकारकडे उत्तर नव्हते. दादाभाईंनी सरकारचेच प्रांतवार अहवाल घेतले, पीक आणि भाव मांडले. १८६७ ते १८७० या काळासाठी उत्तर आले: माणशी सुमारे २० रुपये. मग त्यांनी तुरुंगांचे अहवाल उघडले. कैद्याच्या अन्न-कपड्यांवरचा खर्च बऱ्याच प्रांतांत यापेक्षा जास्त होता!

सरासरीचा घोळ

हे करताना त्यांना सरकारी अहवालांतली एक चूक सापडली. अधिकारी सगळ्या जिल्ह्यांचे भाव बेरजेला घेत आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागत. कुठे किती माल पिकला, हे बघतच नसत.

समजा, एका जिल्ह्यात १०० पोती १ रुपया भावाने विकली आणि दुसऱ्यात १० पोती ३ रुपयांनी. सरकारी पद्धतीने सरासरी भाव २ रुपये. प्रत्यक्षात १३० रुपयांना ११० पोती, म्हणजे १.१८ रुपये. आज याला भारित सरासरी म्हणतात. जिथे पीक कमी तिथे भाव चढा, त्यामुळे ही चूक उत्पन्न फुगवूनच दाखवायची.

१८८० मध्ये त्यांनी पंजाबचा हिशेब भारतमंत्र्यांकडे पाठवला. इंडिया ऑफिसचे अधिकारी डॅन्व्हर्स यांनी आक्षेप घेतला: पगार, पेन्शन, व्यापारातला नफा कुठे आहे? दादाभाईंचे म्हणणे असे की, हे पैसे शेवटी शेतमाल आणि वस्तूंच्या उत्पन्नातूनच येतात. वेगळे धरले तर तीच रक्कम दोनदा मोजली जाईल. आजच्या जीडीपीत सेवा मोजल्या जातात, त्यामुळे इथे डॅन्व्हर्स यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. पण निदान दोन्ही बाजूंचा हिशेब कागदावर होता.

१८८२ मध्ये अर्थसदस्य बेअरिंग यांनी माणशी २७ रुपये हा आकडा जाहीर केला. दादाभाईंनी त्यामागचा तपशील मागितला. तो मिळाला नाही. खरी अडचण इथेच होती. पद्धतच दिसत नसेल तर आकडा तपासायचा कसा?

१९०१ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी ३० रुपये सांगितले. त्याच वर्षी दादाभाईंचे 'पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया' प्रसिद्ध झाले. जुने निबंध, डॅन्व्हर्स यांच्याशी झालेला वाद, आकड्यांचे तक्ते, सगळे त्यात छापलेले आहे.

३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्यासाठी सरकारी समिती नेमली गेली ती १९४९ मध्ये. महालनोबिस तिचे अध्यक्ष, तर पुण्याचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव सदस्य होते.