घड्याळावरची न दिसणारी सही

एरोनॉटिक्सच्या मुलांना ‘ब्रेगे’ हे नाव विमानाचा पल्ला काढायच्या समीकरणामुळे माहीत असतं. तो ब्रेगे म्हणजे लुई शार्ल, विमानं बनवणारा. पण मित्रांनो, मी लिहितेय ते त्याच्या खापरपणजोबांबद्दल. अब्राहम-लुई ब्रेगे, घड्याळजी. टी.ओ.एम.च्या पुस्तकात त्याचा फोटो नाही. खरं तर असायला हवा होता.

त्याचा जन्म १७४७ सालचा, स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल गावचा. वडील लहानपणीच वारले. आईने दुसरं लग्न केलं ते घड्याळाच्या धंद्यातल्या माणसाशी, आणि शाळेत फारशी चमक न दाखवणाऱ्या या पोराला सावत्र वडिलांनी कामाला लावलं. पंधराव्या वर्षी तो फ्रान्सला आला. दिवसभर वर्कशॉप आणि संध्याकाळी पॅरिसच्या एका कॉलेजात गणिताचे वर्ग, असा त्याचा दिनक्रम होता. (आपल्याला दिवसाचीच लेक्चर्स झेपत नाहीत!) १७७५ साली लग्न झालं आणि त्याच वर्षी सीन नदीच्या काठी त्याने स्वतःचं दुकान थाटलं. त्या रस्त्याचं नावच मुळी ‘घड्याळाचा धक्का’.

पुढची पंधरा-वीस वर्षं त्याने जे शोध लावले त्यांची यादी करत बसले तर पानं पुरणार नाहीत. खिशात ठेवून नुसतं चाललं तरी आपोआप चावी भरणारं घड्याळ त्याने भरवशाचं करून दाखवलं. पडलं तरी बॅलन्स व्हीलचा नाजूक अक्ष मोडू नये म्हणून शॉक अ‍ॅब्सॉर्बर बनवला. काट्यांच्या टोकाजवळ छोटंसं पोकळ वर्तुळ असलेली एक सुबक तऱ्हा काढली, तिला आजही ‘ब्रेगे हँड्स’ म्हणतात. राणी मारी आंत्वानेत त्याची गिऱ्हाईक होती. राजवाड्यात घड्याळ गेलं म्हटल्यावर सरदार-दरकदार रांगेत उभे राहणारच.

आणि नेमकी इथेच गोम आहे. नाव मोठं झालं की नावाची चोरी सुरू होते. ब्रेगेचं एक घड्याळ बनायला महिनोन्‌महिने लागायचे, किंमतही तशीच. मग इतर कारागिरांनी, विशेषतः त्याच्याच मायदेशातल्या काहींनी, सोपा धंदा शोधला. आत मामुली यंत्र बसवायचं, वर ब्रेगेसारखे काटे लावायचे आणि डायलवर ठसठशीत ‘ब्रेगे’ लिहायचं. घेणारा खूश, विकणारा खूश. बिचाऱ्या ब्रेगेला मात्र दुहेरी मार. एक तर गिऱ्हाईक गेलं, आणि वर ते नकली घड्याळ महिन्याभरात मागे पडायला लागलं की शिव्या त्यालाच! मला वाटतं नुकसानापेक्षा हे दुसरं दुखणं जास्त असणार. जो माणूस गुरुत्वाकर्षणामुळे होणारी सेकंदा-दोन सेकंदांची चूक काढण्यासाठी जीव टाकत होता, त्याच्या नावावर दुसऱ्याची ढिसाळ चाकं फिरत होती.

कोर्टात जावं म्हटलं तर फ्रान्समध्ये व्यापारचिन्हांचा सविस्तर कायदा झाला १८५७ साली, म्हणजे ब्रेगे वारल्यानंतर चौतीस वर्षांनी. त्यातून मध्ये फ्रेंच राज्यक्रांती आली. राजवाड्याशी संबंध असलेल्या माणसाची मान कधी गिलोटिनखाली जाईल याचा नेम नव्हता. १७९३ साली तो पॅरिस सोडून स्वित्झर्लंडला निघून गेला. क्रांतिकारक मारा हा त्याचा गाववाला-मित्र, त्याच्या ओळखीने सुटकेचा परवाना मिळाला असं सांगतात. दोन वर्षांनी परत आला तेव्हा दुकानाची वाट लागलेली होती. वय अठ्ठेचाळीस. पुन्हा श्रीगणेशा.

नकलेवरचा उपाय त्याने काढला तो याच सुमारास. घड्याळाच्या डायलवर त्याने आणखी एक सही करायला सुरुवात केली, पण दिसू नये अशी. पांढऱ्या इनॅमलच्या डायलवर, बाराच्या आकड्याखाली, सुईच्या टोकाने ओढलेली इवलीशी अक्षरं. समोरून पाहिलं तर काहीच नाही. डायल तिरपी करून उजेडात धरली की अक्षरं चमकतात, त्यात नाव आणि बऱ्याचदा घड्याळाचा नंबरही. हे हाताने होण्यासारखं नव्हतंच. त्यासाठी पँटोग्राफ वापरला. एका टोकाने मोठी अक्षरं गिरवायची, दांड्यांच्या जोडणीमुळे दुसऱ्या टोकाची सुई तीच अक्षरं कितीतरी पट लहान काढते. आपण फर्स्ट इयरला ज्या लिंकेजला नाकं मुरडतो तेच हे!

मला यातली युक्ती फार आवडली. मोठी सही, काटे, आकडे हे सगळं पाहून कोणीही काढेल. दिसणारी गोष्ट उतरवायला कुशल हात पुरतो. पण ही बारीक सही उतरवायची तर आधी ती आहे हे माहीत पाहिजे, मग तसं यंत्र पाहिजे, आणि एवढा खर्च करायचा तर नकली माल स्वस्तात विकणार कसा? आपल्या पाचशेच्या नोटेवरची भिंग लावून वाचायची अक्षरं याच जातीची. अडचण एकच. सही कुठे शोधायची हे गिऱ्हाइकालाच माहीत नसेल तर तिचा उपयोग शून्य. राजे-रजवाड्यांना ब्रेगे स्वतः सांगत असेल, पण तिसऱ्या हाताने घेणाऱ्याला कोण सांगणार?

म्हणून माझ्या मते खरं काम सहीपेक्षा चोपड्यांनी केलं. दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक घड्याळाला नंबर असे, आणि तो कोणाला विकला, केव्हा, कितीला, पुढे दुरुस्तीला कधी आला, हे सगळं वहीत लिहिलेलं. इजिप्तच्या स्वारीवर निघण्याआधी १७९८ साली नेपोलियनने घेतलेल्या तीन घड्याळांचीही नोंद त्यात आहे. त्याची बहीण कॅरोलिन, नेपल्सची राणी, हिने १८१० साली मनगटावर बांधायचं घड्याळ मागवलं. नंबर २६३९. ते घड्याळ आज कुठे आहे कोणालाच ठाऊक नाही, पण वहीमुळे ते होतं एवढं नक्की कळतं. खोटं घड्याळ बनवणारा नंबर टाकू शकतो हो, पण ब्रेगेच्या वहीत जाऊन ओळ कशी लिहिणार?

शिवाय त्याने आणखी एक गोष्ट केली. एकच काटा असलेलं, साधं पण दणकट घड्याळ काढलं. पाव किंमत आगाऊ भरायची, मग घड्याळ बनणार. अशी सातशेच्या आसपास विकली गेली. त्यांच्यावरही ती छुपी सही असायची. ज्यांना परवडत नाही म्हणून ते नकलेकडे वळतात, त्यांच्यासाठी हा अस्सल माल होता. त्याने हा हिशोब मुद्दाम केला की नाही ते सोडा, पण नकलेवर याच्याइतकं चांगलं औषध नाही.

१८०१ साली त्याला टूर्बिलॉंचं पेटंट मिळालं. घड्याळ खिशात उभं राहिलं की गुरुत्वाकर्षणामुळे बॅलन्सची चाल बिघडते, म्हणून बॅलन्स आणि एस्केपमेंट दोन्ही एका पिंजऱ्यात घालून पिंजराच फिरवत ठेवायचा. चुका मग एकमेकींना खाऊन टाकतात. पुढे मानसन्मान आले, १८१६ साली विज्ञान अकादमीचं सदस्यत्व आलं. रशियात तर ‘ब्रेगेत’ म्हणजेच खिशातलं घड्याळ असा शब्द झाला, पुश्किनच्या यूजीन वनेगिनच्या खिशातही तेच आहे. १८२३ साली तो वारला तेव्हा एक काम अर्धवट होतं. मारी आंत्वानेतसाठी १७८३ साली मागवलेलं, त्या काळी माहीत असलेली सगळी करामत असलेलं घड्याळ, नंबर १६०. ज्या राणीसाठी ते होतं ती १७९३ सालीच गिलोटिनवर गेली होती. ब्रेगेच्या मुलाच्या हाताखाली ते १८२७ साली पुरं झालं.

हे १६० नंबरचं घड्याळ १९८३ साली जेरुसलेमच्या म्युझियममधून चोरीला गेलं. ते परत मिळेल अशी आशा नव्हती, म्हणून कंपनीने जुन्या कागदांवरून आणि चित्रांवरून हुबेहूब तसंच घड्याळ बनवायला घेतलं. गंमत म्हणजे ते पुरं होत आलं असतानाच, २००७ साली, मूळ घड्याळ सापडल्याचं जाहीर झालं! नवं घड्याळ २००८ साली लोकांसमोर आलं. यंत्र तसंच, काटे तसेच. फक्त त्यावर १६० हा नंबर घातलेला नाही. त्याचा नंबर आहे ११६०.