रामदेवराव यादव : भरलेली तिजोरी आणि उघडी वेस

देवगिरीच्या यादवांचा धडा सुरू झाला की मुलांचा एक प्रश्न ठरलेला असतो. एवढा बळकट किल्ला असून राजा हरला कसा? उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी रामदेवरावाचं सगळं आयुष्य पाहावं लागतं.

रामदेवराव म्हणजेच रामचंद्रदेव, हा राजा कृष्णदेवाचा मुलगा. वडिलांनंतर गादी चुलता महादेव याच्याकडे गेली आणि महादेवानंतर त्याचा मुलगा आमण राजा झाला. १२७१ मध्ये रामदेवरावाने त्याला दूर करून राज्य मिळवलं. त्याची माणसं खेळ करणाऱ्यांच्या वेशात किल्ल्यात शिरली, असं सांगतात. म्हणजे युक्तीने किल्ला कसा पडतो, हे त्याला चांगलंच ठाऊक होतं!

त्याच्या काळात राज्य भरभराटीला आलं. हेमाद्री पंडितासारखा विद्वान कारभारी त्याच्या पदरी होता. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराला दान देणाऱ्यांत राजाचं नाव शिलालेखात कोरलेलं आहे. महानुभावांचे मराठी ग्रंथ याच काळातले. १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तिच्या शेवटीही या राजाचा उल्लेख येतो. मराठी भाषेला असे दिवस क्वचितच लाभले.

राजाचं लक्ष मात्र माळवा आणि होयसळ अशा शेजाऱ्यांशी लढण्यात होतं. उत्तरेकडून काय येतंय, याची खबर ठेवली गेली नाही. १२९६ मध्ये कड्याचा सुभेदार अल्लाउद्दीन खिलजी काही हजार घोडेस्वार घेऊन थेट देवगिरीजवळ येऊन ठेपला. त्या वेळी युवराज शंकरदेव मोठी फौज घेऊन बाहेर गेला होता. राजा किल्ल्यात अडकला. दिल्लीहून आणखी मोठं सैन्य येतंय, अशी हूलही शत्रूने उठवली. शंकरदेव परतला, लढला, पण हरला. घाईघाईत गडावर चढवलेली पोती धान्याची नसून मिठाची निघाली, असंही सांगतात. शेवटी प्रचंड खंडणी देऊन तह झाला. पुढे दिल्लीचं तख्त बळकावताना अल्लाउद्दीनला हीच लूट उपयोगी पडली.

खंडणी थकली तेव्हा १३०७ मध्ये मलिक काफूर चालून आला. रामदेवरावाला दिल्लीला नेलं गेलं. तिथे मानसन्मान आणि किताब मिळाला, राज्यही परत मिळालं, पण मांडलिक म्हणून! त्यानंतर काफूरच्या दक्षिणेतल्या मोहिमांना त्याला मदत करावी लागली. १३११ च्या सुमारास तो वारला. शंकरदेवाने बंड केलं आणि तो मारला गेला. मग जावई हरपालदेव उठला, त्याचाही अंत झाला आणि यादवांचं राज्य संपलं.

मुलांना हा धडा शिकवताना राजाला नुसता दुबळा ठरवून मोकळं होऊ नये. त्याने देवळं, विद्वान, भाषा सगळं जपलं. चुकलं ते वेशीबाहेर बघायचं. हेर, धान्यकोठार आणि गडावरची शिबंदी या साध्या गोष्टी वेळेवर पाहिल्या नाहीत, तर भरलेली तिजोरी शत्रूच्याच कामी येते. एवढं मुलांच्या लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं. आणि पालकांनो, सुट्टीत देवगिरीला गेलात तर आधी ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. मग गड नुसता चढला जाणार नाही, कळेलही.