डॉ. वसंत रामजी खानोलकर

पाहुणा आला कीं पानतंबाखूचा डबा त्याच्यापुढें सरकवावा, ही चाल आमच्या बाळकुमांतील जुन्या घरांस परकी नाहीं. त्या डब्याचा मनुष्याच्या प्राणाशीं कसा संबंध पोहोंचतो, हें ज्यांनीं आपल्या देशांत चिकाटीनें शोधिलें, त्या डॉ. खानोलकरांचें चरित्र वाचकांस थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१३ एप्रिल १८९५ रोजीं क्वेट्टा येथें त्यांचा जन्म झाला. लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रांतील एम्. डी. ही पदवी त्यांनीं १९२३ मध्यें मिळविली. शरीर कोठें व कसें बिघडतें याचा शोध घेणें, हें विकृतिशास्त्राचें काम. मुंबईंत ग्रँट मेडिकल कॉलेजांत व सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजांत त्यांनीं हाच विषय शिकविला. १९४१ सालीं परळ येथें टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलें, तेव्हां तेथील प्रयोगशाळांची सूत्रें त्यांच्या हातीं आलीं.

कर्करोग हा बाहेरून शिरलेला शत्रू नव्हे. आपल्या शरीरांतील पेशी नेमानें वाढतात व नेमानें थांबतात. एखादी पेशी थांबणें विसरते, तिची प्रजा वाढून गांठ होते, आणि मग ती मर्यादा भेदून शेजारच्या मांसांत शिरते. तोंडांतील गांठीच्या पेशी बहुधा प्रथम लसीकावाहिन्यांतून मानेंतील ग्रंथींत ठाण मांडतात. रक्तांत शिरल्या तर फुप्फुसेंही गांठतात. रोग्यास गिळतां येईनासें झालें कीं शरीरांतील पाण्याचा व क्षारांचा तोल ढळतो, आणि धट्टाकट्टा माणूस पाहतां पाहतां ओळखूं येईनासा होतो. म्हणून तोंडांतील व्रण किंवा पांढरा-तांबडा चट्टा दोनतीन आठवड्यांत नाहींसा न झाल्यास तो डॉक्टरांस दाखविण्यास संकोच करूं नये.

गांठ दिसली कीं ती नेमकी तेथेंच कां झाली, असा प्रश्न खानोलकर करीत. मुंबईंतील मुखकर्करोगाच्या ओळीनें एक हजार रोग्यांचा आढावा त्यांनीं १९४४ मध्यें प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षीं त्यांनीं लोकांच्या चालीरीतींतून उद्भवणारे तीन प्रकार वर्णिले: धोतर जेथें घट्ट आवळलें जातें त्या कमरेच्या त्वचेवरील, चुट्ट्याचें जळतें टोंक तोंडांत धरून ओढणाऱ्यांच्या टाळूवरील, आणि चुन्याशीं मळलेली खैनी जेथें दडपून ठेवितात त्या ओठामागील. रोगाची जागाच रोगाच्या कारणाची साक्ष देत होती!

या रोगास ईश्वराचा कोप समजून मुकाट्यानें सोसणारीं कुटुंबें आम्हीं पाहिलीं आहेत. पुडीचा दोष ईश्वराच्या माथीं मारणें आम्हांस तरी रुचत नाहीं. अर्थात् प्रत्येक कर्करोगाचें कारण असें बोट ठेवून दाखवितां येत नाहीं. तेव्हां रोग्यासही कोणी बोल लावूं नये.

कुष्ठरोगावरही त्यांनीं मोलाचें संशोधन केलें. १९५२ मध्यें परळ येथें भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झालें, त्याचे ते पहिले संचालक. २९ ऑक्टोबर १९७८ रोजीं ते निवर्तले. त्यांच्या केंद्रांतून वाढलेली संस्था आज खाडीपलीकडे, नवी मुंबईंतील खारघर येथें काम करीत आहे.