मिरजेचे डॉ. वॉनलेस

बेळगाव-निपाणी भागातील जुन्या ख्रिस्ती कुटुंबांना मिरजेच्या मिशन हॉस्पिटलाची नव्याने ओळख करून द्यायला नको. त्याचे संस्थापक डॉ. विल्यम जेम्स वॉनलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडात झाला. न्यूयॉर्कला वैद्यकीचे शिक्षण घेऊन १८८९ मध्ये ते पत्नी मेरीबाईंसह प्रेस्बिटेरियन मिशनच्या सेवेत हिंदुस्थानात आले. प्रथम सांगलीस त्यांनी छोटा दवाखाना घातला, मग मिरजेस गेले.

जागा मोठी सोयीची ठरली. पुणे-बेळगाव लोहमार्ग मिरजेवरून जाई, आणि १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटाही सुरू झाला. निपाणीला आगगाडी नव्हती. तिकडच्या रोग्याला स्टेशन गाठायलाच बैलगाडी जुंपावी लागे. तरी मुंबईपेक्षा मिरज किती जवळ! शस्त्रक्रियेसाठी मुंबईला जा म्हणणे म्हणजे गरिबाला आशा सोड म्हणण्यासारखेच होते.

फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांच्या देणगीतून १८९४ मध्ये हॉस्पिटल उभे राहिले. मोतीबिंदूने आंधळे झालेले, मुतखड्याने तळमळणारे लोक येऊ लागले. कोल्हापूरचे शाहू महाराज डॉक्टरांचे स्नेही होते. पण एकटा सर्जन कोठवर पुरणार? १८९७ मध्ये त्यांनी ख्रिस्ती तरुणांसाठी वैद्यकीय शाळा काढली. माझ्या मते त्यांच्या हातून झालेल्या शस्त्रक्रियांहून हे काम मोठे, कारण येथून शिकलेले हात गावोगावच्या मिशन दवाखान्यांत पोहोचले. मेरीबाईंचे नाव कोल्हापूरच्या हॉस्पिटलाला आहे.

१९२८ मध्ये डॉक्टरांना सर हा किताब मिळाला. त्याच साली ते परत गेले आणि १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात प्रभूमध्ये निद्रिस्त झाले.

एक दुखणे मात्र त्यांच्याही आवाक्याबाहेर होते. हृदयात दोष घेऊन जन्मलेले बाळ निपाणीतले असो की न्यूयॉर्कचे, त्या काळी निळे पडत गेले की आईने ते नुसते पाहात राहायचे. अशा बाळांसाठीची शस्त्रक्रिया बाल्टिमोरला १९४४ मध्ये झाली. आज हृदयाच्या शस्त्रक्रिया बेळगावातही होतात, आणि २०१३ पासून सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषाची तपासणी होते. तेव्हा शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी आपल्या मंडळीतील बाळंतिणींना एवढे जरूर सांगावे: दूध ओढताना बाळाला धाप लागली, कपाळाला घाम फुटला, वजन वाढेना, तर त्याला लवकर बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे, ओठ-जीभ निळी दिसली तर त्याच घटकेला निघावे.