आठांपैकी एकटेच परतलेले ऑटो फ्रँक

अ‍ॅन फ्रँकची डायरी ठाऊक नाही असा वाचक विरळाच. ती जगापुढे आणणारे तिचे वडील ऑटो फ्रँक यांचे आयुष्य मात्र त्या मानाने अपरिचित राहिले.

१२ मे १८८९ रोजी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे एका सुखवस्तू ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्यात लढले आणि लेफ्टनंट झाले. ज्या देशासाठी त्यांनी प्राण पणाला लावले, त्याच देशात १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. पत्नी एडिथ आणि मार्गोट व अ‍ॅन या मुलींसाठी त्यांनी हॉलंडचा आसरा शोधला. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये जॅम घट्ट करण्यासाठी लागणाऱ्या पेक्टिनच्या विक्रीचा व्यवसाय त्यांनी उभा केला.

मे १९४० मध्ये जर्मन फौजांनी हॉलंडही काबीज केले. ज्यूंवर एकेक निर्बंध आले. मुलांच्या शाळा वेगळ्या झाल्या, छातीवर पिवळा तारा सक्तीचा झाला. अमेरिकेत जाण्याची ऑटो यांची खटपट निष्फळ ठरली. ५ जुलै १९४२ रोजी सोळा वर्षांच्या मार्गोटला श्रमछावणीत हजर होण्याचा हुकूम आला. दुसऱ्याच दिवशी हे कुटुंब कार्यालयाच्या मागील भागात लपले. पुढे आणखी चौघे तेथे आले. मीप गीस आणि सहकाऱ्यांनी जिवावर उदार होऊन दोन वर्षे या आठ जणांना अन्न पुरवले. ४ ऑगस्ट १९४४ रोजी धाड पडली.

सप्टेंबरमध्ये सर्वांची रवानगी ऑश्विट्झला झाली. तेथे पुरुष आणि स्त्रिया वेगळे करण्यात आले. ऑटो यांना पत्नी आणि मुली पुन्हा दिसल्या नाहीत. २७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत सैन्याने छावणी मुक्त केली. एडिथ गेल्याचे त्यांना परतीच्या वाटेवर समजले. जूनमध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला पोहोचल्यावर ते मुलींचा शोध घेत राहिले. दोघीही बर्गन-बेल्सन छावणीत मरण पावल्याचे जुलैमध्ये कळले. आठांपैकी ते एकटेच उरले होते. ही एकाच घराची कहाणी नव्हती. हॉलंडमधून नेलेल्या सुमारे १,०७,००० ज्यूंपैकी जेमतेम ५,००० परतले.

मीप यांनी जपून ठेवलेल्या अ‍ॅनच्या वह्या आता त्यांच्या हाती आल्या. त्यांत मुलीचे खासगी मन होते, आईविषयीचे कटू उद्गारही होते. हे जगाला दाखवावे का, हा पित्यापुढील पेच होता. परंतु युद्धानंतर पुस्तक काढण्याची अ‍ॅनचीच इच्छा होती आणि त्यासाठी ती मजकूर पुन्हा लिहून काढत होती. अखेर काही भाग वगळून १९४७ मध्ये डायरी प्रसिद्ध झाली.

१९५३ मध्ये त्यांनी एल्फ्रीडे गाइरिंगर यांच्याशी विवाह केला. त्याही ऑश्विट्झमधून वाचल्या होत्या आणि पती व मुलगा गमावून बसल्या होत्या. डायरी बनावट ठरवू पाहणाऱ्यांविरुद्ध ऑटो न्यायालयात लढले. जगभरच्या तरुण वाचकांच्या पत्रांना ते उत्तरे देत राहिले. १९ ऑगस्ट १९८० रोजी स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या लपण्याच्या जागेचे १९६० मध्ये संग्रहालय झाले. अटकेनंतर नाझींनी तेथील सामानसुमान उचलून नेले होते. ऑटो यांच्या इच्छेनुसार त्या खोल्या तशाच रिकाम्या ठेवण्यात आल्या आहेत.